टाक्यांचा गावठिकाणा

मुंबईत कुलाब्याच्या फुटपाथवर, दिल्लीत जनपथला लागून असलेल्या गुजराती बायकांच्या बाजारात, अहमदाबादच्या लॉ गार्डनबाहेर, गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात एक वस्तू हमखास दिसते. जुन्या भरतकामाचे पंधरा-वीस तुकडे शेजारी शेजारी शिवून, कडेला सोनेरी पट्टी लावून केलेला मोठा चौकोन. कुणी तो भिंतीवर टांगतं, कुणी दिवाणावर पसरतं, कुणी सरळ जमिनीवर बैठक म्हणून अंथरतं. विकणारा त्याला पॅचवर्क म्हणतो. कुठला, असं विचारलं तर ‘कच्छी’ किंवा ‘राजस्थानी’ असं उत्तर मिळतं आणि गिऱ्हाईक परदेशी असेल तर ‘ट्रायबल’. वय विचारलं तर शंभर वर्षं.

या बैठकीला एक गाव असूच शकत नाही. तिच्यात जितके तुकडे, तितक्या बायका. कुणी आपल्या लग्नासाठी चोळी भरली, कुणी लेकीच्या रुखवतासाठी पिशवी, कुणी दारावरचं तोरण. त्या बायका एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, एका जातीच्या नव्हत्या आणि पुष्कळदा एका देशातल्याही नव्हत्या. आपल्याकडे आजीची गोधडी उलगडली की ‘हे आईचं इरकल, हे थोरल्या काकूंचं लुगडं’ असं बोट ठेवून सांगणारं कुणीतरी घरात असतं. बाजारातल्या या बैठकीतलं ते सांगणारं माणूस गळून गेलेलं आहे. तरी कापड, दोरा, आरसा आणि टाका यांच्यात पुष्कळ काही शिल्लक राहतं. ते वाचता येतं आणि वाचलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आधी एक भेद. काश्मीरमध्ये गब्बा नावाची बैठक होते, अनंतनाग हे तिचं जुनं केंद्र. जुन्या, विरलेल्या लोकरी चादरी धुवायच्या, रंगवायच्या, जोडायच्या आणि मग त्यांवर आरीने किंवा सुईने भरतकाम करायचं, अशी तिची रीत. तिथे कापड जुनं आणि भरतकाम नवं. त्यामुळे गब्बा कुठला हे ठरवताना भरणाऱ्याचं गाव आणि बैठक करणाऱ्याचं गाव बहुधा एकच निघतं. कुलाब्यातल्या पॅचवर्कची गोष्ट नेमकी उलटी आहे. भरतकाम आधीचं, कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी केलेलं. जोडकाम नंतरचं, बाजारासाठी केलेलं. म्हणून इथे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. तुकडा कुणाचा? आणि बैठक कुणी जुळवली? दुसऱ्याचं उत्तर बहुधा सोपं असतं: अहमदाबाद, दिल्ली, बारमेर, जैसलमेर किंवा जयपूर इथली एखादी कार्यशाळा. खरं काम पहिल्या प्रश्नात आहे.

एक बैठक जवळून पाहू. साधारण सहा फूट बाय चार फुटांची. पाठीला जुनी छापील चादर अस्तर म्हणून लावलेली. जोडाच्या सगळ्या रेघा जरीच्या पट्टीने झाकलेल्या आणि पट्टी यंत्राने शिवलेली. मध्ये काळपट तांबड्या कापडाचा एक तुकडा आहे. त्याच्यावर नाना आकारांचे आरसे: त्रिकोणी, लांबट, बदामी, चौकोनी. प्रत्येक आरशाभोवती साखळी टाक्याची दाट रेघ. तुकड्याची एक बाजू आत वळलेली, कमानीसारखी. हा अर्धा गळा आहे, म्हणजे ही चोळी होती. डावीकडे एक उभा पट्टा, फुलीच्या टाक्यात इतका घट्ट भरलेला की खालचं कापड दिसत नाही. फुल्यांच्या जाळीत तांदळाच्या कणीएवढे आरसे. वरच्या कडेला टोकदार पानांची एक रांग आहे, पण ती उलटी लावलेली. पानांची टोकं वर गेलेली. तोरणाची खाली लोंबणारी पानं जोडणाऱ्याने नक्षी म्हणून फिरवून बसवली. खालच्या कोपऱ्यात एक जाड तुकडा, दोन-तीन कापडं एकावर एक ठेवून शिवलेला आणि त्याच्या काठाने सारख्या अंतरावर दोऱ्याचे तुटके ठसे. तिथे कवड्या होत्या. कवड्या वेगळ्या विकल्या जातात, म्हणून त्या आधीच उसवून घेतल्या.

एवढ्या पाहण्यातून चार ठिकाणं हाताला लागतात. नाना आकारांचे आरसे आणि साखळी टाका ही रबारी बायकांची खूण. फुल्यांची घट्ट जाळी गरासिया जत बायकांच्या चुरीची. चुरी म्हणजे त्यांचा पायघोळ झगा, त्याच्या छातीवरचा भाग असा भरलेला असतो. तोरण सौराष्ट्राकडचं असण्याचा संभव जास्त. कवड्यांचा जाड तुकडा बंजारा समाजाचा. दुकानात या चारांना मिळून एकच नाव होतं, कच्छी.

कच्छ आपल्याला वाटतो तितका परका नाही. 1956 ते 1960 या काळात तो द्विभाषिक मुंबई राज्याचाच भाग होता. मुंबईतले कच्छी व्यापारी तर त्याच्याही कितीतरी आधीपासूनचे. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात ‘कच्छी काम’ म्हणजे नवरात्रातला आरसे लावलेला घागरा, एवढंच. प्रत्यक्षात कच्छात भरतकामाच्या डझनावारी पद्धती आहेत आणि त्या जातीजमातींप्रमाणे इतक्या काटेकोर वेगळ्या आहेत की जुन्या जाणत्या बाईला दुरून घागरा पाहून बाई कुठल्या समाजाची आणि बहुधा लग्न झालेली की न झालेली हेही सांगता येई.

त्यातल्या काहींची ओळख इथे करून देतो, कारण तुकडे ओळखायला तीच लागते. अहिरांचं काम वाहतं असतं. आधी रेखाटन, त्यावर साखळी टाका, आरसे गोल, नक्षीत मोर, पोपट, हत्ती, फुलं. रबारींच्या कामातही साखळी टाका आहे, पण त्यांचे आरसे एका आकाराचे नसतात, आणि चोळीच्या किंवा पुरुषांच्या केडियाच्या, म्हणजे आखूड घेरदार अंगरख्याच्या, शिवणीवर ते बखियाची बारीक रंगीत नक्षी घालतात. शिवणच सजवायची ही हौस तुकडा कापल्यावरही लपत नाही. बन्नीच्या गवताळ प्रदेशातल्या मुतवा या मुसलमान पशुपालक समाजाचं काम सगळ्यांत नाजूक. आरसे टिकलीपेक्षाही लहान आणि टाके इतके जवळ की बोटाला नुसता खरखरीतपणा लागतो. ‘पक्को’ म्हणजे मेघवाळ आणि सोढा बायकांचं ठासून भरलेलं काम, दुहेरी काज टाका आणि चौकोनी साखळी. सुईच्या टोकाने मातीची रेघ ओढून नक्षी काढायची आणि मग ती अशी भरायची की कापड जीर्ण होऊन गेलं तरी टाके उभे राहतात. ‘खारेक’मध्ये आधी काळ्या दोऱ्याने चौकटी आखतात, मग त्यांत रंगाचे भरीव पट्टे.

आणि ‘सूफ’. त्यावर थोडं थांबायला हवं. सूफमध्ये रेखाटन नाही, छाप नाही, आखणी नाही. बाई कापडाचे उभे-आडवे धागे मोजते आणि मोजत मोजत मागच्या बाजूने भरते. पुढे जे उमटतं ते छोट्या छोट्या त्रिकोणांचं आरशासारखं सममित जाळं. एक धागा मोजायचा राहिला की पुढचा सगळा त्रिकोण वाकडा होतो. म्हणून सूफ ओळखायला तुकडा पालथा करणं सगळ्यांत सोपं. मागची बाजू पुढच्याइतकीच नीट असते, दोऱ्याच्या उड्या नसतात, गाठी जवळजवळ दिसत नाहीत. हे काम सोढा राजपूत आणि त्यांच्या शेजारच्या मेघवाळ, मारू बायकांचं. यातल्या बऱ्याच जणी 1971च्या युद्धानंतर सिंधच्या थरपारकरमधून, नगरपारकरच्या बाजूने, कच्छात आल्या.

इथे ‘मूळ कुठलं’ हा प्रश्न अडचणीचा होतो. 1971च्या आधी भरलेला सूफचा तुकडा भुजच्या दुकानात मिळाला तर त्याला कच्छी म्हणायचं की थरपारकरचा? बाई तिथे जन्मली, कापड तिने तिथे भरलं, गाठोड्यात बांधून सरहद्द ओलांडली आणि कच्छात ते विकलं. 1947च्या आधी ही सरहद्दच नव्हती. दोन्ही बाजूंना एकच बिरादरी, एकच सोयरीक. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 1997 साली सिंधूकाठच्या वेशभूषेवर ‘कलर्स ऑफ द इंडस’ हे पुस्तक काढलं. नसरीन अस्करी आणि रोझमेरी क्रिल यांच्या या पुस्तकातले थरपारकरचे नमुने पाहिले की कच्छच्या कपाटातलेच वाटतात. माझ्या मते अशा तुकड्यावर दोन नोंदी व्हायला हव्यात, ‘घडला कुठे’ आणि ‘सापडला कुठे’. एकच नोंद करायची म्हटली की संग्रहालयातसुद्धा घोटाळा होतो. बहुतेक चिठ्ठ्यांवर फक्त सापडल्याचं ठिकाण असतं आणि वाचणारा त्यालाच जन्मस्थान समजतो.

टाक्याखालोखाल साक्ष देतो तो आरसा. जुने आरसे फुंकलेल्या काचेचे असत. काचेचा पातळ फुगा फुंकायचा, आतून त्याला कल्हई द्यायची आणि मग तो फोडून तुकडे करायचे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातलं कपडवंज या काचेसाठी प्रसिद्ध होतं. फुग्याचा तुकडा असल्याने असा आरसा किंचित बहिर्गोल असतो आणि त्यातलं प्रतिबिंब हलतं. भरणारी बाई तो हवा तसा कातरून घेते, म्हणून कडा ओबडधोबड. यंत्राने कापलेले अलीकडचे आरसे सपाट, जाडसर आणि एका मापाचे. एका तुकड्यात दोन्ही प्रकार दिसले तर मधे कधीतरी दुरुस्ती झालेली असते. दुरुस्तीला वाईट मानायचं कारण नाही, ती वस्तू वापरात होती असं तिच्यावरून कळतं.

मग दोरा. सौराष्ट्रातल्या काठी घराण्यांच्या जुन्या चाकळ्यांवर, म्हणजे भिंतीवर लावायच्या चौकोनांवर, हीर दिसतं. हीर म्हणजे न पिळलेलं रेशीम. उजेडात तुकडा फिरवला की त्याची चमक बाजू बदलते. नंतर सुती दोरा आला, त्यानंतर कृत्रिम रेशीम आणि ऍक्रिलिक. संशय असेल तर अस्तराच्या बाजूने सुटलेला एखादा तंतू चिमट्याने काढून जाळून पाहतात. रेशीम आणि लोकर केस जळाल्यासारखा वास देतात आणि राख चुरगळते. सूत कागदासारखं जळतं. ऍक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. अंधारात जांभळा दिवा, म्हणजे नोटा तपासायचा अल्ट्राव्हायोलेट दिवा, धरला तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पुष्कळ कापडांतलं आणि साबणांतलं पांढरेपणाचं रसायन निळसर चमकतं. तेवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण जुनं कापड नव्या पावडरीत धुतलं तरी ते चमकतं. शिवणीच्या आतला, न धुतला गेलेला भाग पाहावा लागतो.

रंगाने वय सांगणं लोकांना फार सोपं वाटतं. गडद गुलाबी, जांभळा, झगझगीत हिरवा दिसला की ‘हे नवं’ म्हणून तुकडा बाजूला टाकतात. खरं तर कृत्रिम रंगाचा शोध 1856 सालचा आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असे रंग हिंदुस्थानच्या बाजारात सर्रास मिळू लागले होते. आजीच्या आजीनेही ते आवडीने वापरले. उलट मळकट, तपकिरी, ‘नैसर्गिक’ दिसणाऱ्या बैठकीवर मला जास्त संशय येतो. तुकडे जोडून झाल्यावर सगळी बैठक एकाच रंगात बुडवायची किंवा चहाच्या पाण्यातून काढायची, ही रीत बाजारात रूढ आहे. त्याने वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या कुळांचे तुकडे एका छटेत येतात आणि गिऱ्हाइकाला ते सुसंवादी वाटतात. जरीची पट्टी किंचित उचलून बघावी. खालच्या टाक्यांचा रंग आणि उघड्या टाक्यांचा रंग सारखाच मळका असेल तर जुनाटपणा भांड्यातून आलेला आहे. पट्टीखालचा रंग ताजा आणि बाहेरचा उडालेला असेल तर उन्हातून.

आकाराकडे लोक सगळ्यांत कमी पाहतात आणि मला तो सगळ्यांत बोलका वाटतो. कापलेल्या तुकड्यात मूळ वस्तूचा काही ना काही अंश उरतो. कोपऱ्यात नाडी किंवा लूप होता का? मग तो चाकळा, रुखवताच्या वस्तू गुंडाळायचा आणि नंतर भिंतीवर लावायचा चौकोन. दोन्ही बाजूंना नक्षी आणि मध्ये घडीची रेघ असेल तर पिशवी, कोथळी. प्रचंड लांब आणि वरच्या काठाला फासे, तर धरणियो, घरातल्या गोधड्यांच्या चळतीवर सोडायचा पडदा. अर्धगोल दिसला आणि आत कापूस दाबलेला असला तर बैलाच्या शिंगाचं किंवा कपाळाचं आवरण. घामाचे, तेलाचे डाग कुठे आहेत तेही पाहायचं. काखेत विरलेला तुकडा अंगावर घातलेला असतो. घडीच्या रेघांवरच विरलेला तुकडा पेटीत राहिलेला असतो, कदाचित एकदाही न घातलेला.

हे तुकडे बाजारात का येतात, ही गोष्ट ओळखण्याइतकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडे बोहारीण जुन्या साड्या घेऊन स्टीलचं पातेलं देते, तशीच गुजरात-दिल्लीकडे देवीपूजक समाजातली माणसं दारोदार फिरून जुने कपडे भांड्यांवर घेतात; जुन्या कागदपत्रांत या समाजाचा उल्लेख वाघरी असा येतो. लूसी नॉरिस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 2010 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हा सगळा व्यवहार तपशिलाने मांडला आहे. घरातली बाई नको झालेला कपडा देते, फिरणारी बाई तो ठोक व्यापाऱ्याला विकते, तिथे वर्गवारी होते. वापरण्याजोगं पुन्हा वापरात जातं, जरीचं जरीकडे, भरतकामाचं कातरीखाली. या साखळीत प्रत्येक हात आपापलं पोट भरत असतो आणि त्यांच्यापैकी कुणालाही दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण पहिल्याच व्यवहारात बाईचं नाव सुटतं आणि पुढे ते कुणी विचारत नाही.

विकण्याची कारणं मात्र एकसारखी नाहीत. पूर्व कच्छात अंजारच्या बाजूला राहणाऱ्या ढेबरिया रबारी समाजाने 1995 साली स्वतःसाठी भरतकाम करण्यावर आणि ते वापरण्यावर बंदी घातली. रुखवताचं भरतकाम पुरं होईपर्यंत मुलगी सासरी नांदायला जात नसे आणि ते पुरं व्हायला वर्षंच्या वर्षं लागत. ज्येष्ठांनी ठरवलं, बंद. त्या समाजातल्या बायकांनी मग रिबिनी, पट्ट्या आणि यंत्राची शिलाई यांतून नवीन सजावट घडवली, ‘हरी जरी’. भद्रोईच्या पाबीबेन रबारी यांनी तिच्या जोरावर स्वतःचा उद्योग उभा केला आणि त्यांची पिशवी देशाबाहेर गेली. पण घरातलं जुनं काम आता अंगावर घालायचं नाही म्हटल्यावर त्यातलं पुष्कळ विक्रीला निघालं. पुढे 26 जानेवारी 2001चा भूकंप झाला. भचाऊ, अंजार, भुज उद्ध्वस्त झाले, हजारो माणसं गेली. ज्यांचं घर मोडलं त्यांच्यासाठी पेटीतली चोळी हीच रोख रक्कम होती.

या कामाच्या नोंदी झाल्या त्या मोजक्या माणसांच्या चिकाटीमुळे. चंदाबेन श्रॉफ 1969च्या दुष्काळात धाणेटी गावी मदतीला गेल्या. अहिर बायकांनी फुकटचं धान्य नको, काम द्या म्हटलं आणि त्यातून ‘श्रुजन’ ही संस्था उभी राहिली. त्यांनी गावोगावच्या बायकांकडून प्रत्येक पद्धतीचे नमुने भरून घेतले, तो संग्रह गाडीत घालून गावोगाव फिरवला. 2006 साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला. आज भुजजवळ अजरखपूरला ‘लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर’ हे संग्रहालय आहे, 2016 पासून. ज्युडी फ्रेटर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी रबारींच्या भरतकामावर 1995 साली पुस्तक लिहिलं, त्याआधी 1993 मध्ये ‘कला रक्षा’ ही संस्था स्थापण्यात पुढाकार घेतला. ज्याला तुकडे ओळखायला शिकायचंय त्याने अजरखपूरचं संग्रहालय सावकाश पाहावं. पुस्तकात टाका दिसतो, पण त्याचा उंचवटा, ताण, दाटपणा समोर पाहिल्याशिवाय डोळ्यांत बसत नाही. अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयात दरबारी बाजू दिसते, मोची कारागिरांनी आरीने साटिनवर केलेला रेशमी साखळी टाका. हे काम पुरुषांचं, पगारावरचं, घरच्या रुखवताशी संबंध नसलेलं. बैठकीत असा तुकडा क्वचित मिळतो. मिळाला तर त्याच्या टाक्याच्या आश्चर्यकारक सारखेपणावरून लगेच कळतो.

आता कोपऱ्यातल्या त्या जाड तुकड्याकडे येतो, कारण तो आपला आहे.

बंजारा समाज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरत असे. मुघल फौजांना रसद याच तांड्यांनी पुरवली. रेल्वे आली, ही लमाणी, म्हणजे बैलांवरची वाहतूक, मोडली. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या फिरण्यालाच गुन्ह्याची छाया लावली. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण तोवर तांडे गावांच्या कडेला स्थिरावले होते, विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात, खाली कर्नाटक-तेलंगणात. वाशिम जिल्ह्यातलं पोहरादेवी हे त्यांचं तीर्थक्षेत्र. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक याच समाजातले. फेटिया, काचळी, छाटिया हा पेहराव, बैलांच्या झुली, पाण्याच्या घागरीखालची इंढोणी आणि तिच्यामागे पाठीवर रुळणारी फुलिया, पानसुपारीची चंची, या सगळ्यांवर बंजारा बायकांनी जे भरलं त्याला आपण महाराष्ट्राची कला म्हणून फारसं कधी मोजलेलं नाही.

हे काम ओळखायला अवघड नाही. कापडाचे थर एकावर एक ठेवून धाव टाक्याने गच्च शिवलेले, म्हणून तुकडा हातात जड लागतो. टाक्यांत फुली, काज आणि विणल्यासारखे दिसणारे गुंफणीचे प्रकार. किलन, वेले, माकी, नाकरा अशी त्यांची नावं तांड्यांत ऐकू येतात. काठाला कापडाच्या त्रिकोणांची कंगोऱ्यासारखी पट्टी. कवड्या, शिशाचे मणी, नाणी, लोकरीचे गोंडे. उत्तरेकडच्या, खानदेश-निमाड बाजूच्या कामात धागे मोजून केलेली भौमितिक नक्षी जास्त, तर दक्षिणेकडे आरसे आणि रंग वाढत जातात. सरहद्द पक्की नाही, कारण लग्नं लांबच्या तांड्यांत होत आणि बाईबरोबर तिचा टाकाही जाई.

कर्नाटकाने या कामाची दखल घेतली. बळ्ळारी भागातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे तिकडच्या बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं. 2023च्या जुलैत हंपीला जी-20ची सांस्कृतिक बैठक झाली, तेव्हा साडेचारशेहून अधिक लंबाणी बायकांनी भरलेल्या 1755 तुकड्यांचं प्रदर्शन मांडलं गेलं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. शार्लट क्वॉन आणि टिम मॅकलॉक्लिन या कॅनडातल्या अभ्यासकांचं बंजारा कापडावरचं देखणं पुस्तक 2016 साली लंडनहून निघालं. मराठीत या तोडीचं, टाक्याटाक्याची नोंद करणारं आणि तांड्यातांड्यातून फिरून लिहिलेलं काम व्हायला हवं. ते करणाऱ्या मुली तांड्यांतच आहेत, शिकलेल्या आहेत आणि त्यांच्या आज्या अजून बोलत्या आहेत.

कायद्याचा एक मुद्दा विकत घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. 1972च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे ‘हंड्रेड इयर्स’ हे दुकानदाराचं वाक्य खरं असेल तर ती बैठक परदेशी पाहुण्याला विकण्यातच अडचण आहे. बहुतेक वेळा ते खरं नसतं. पॅचवर्कमधले बहुसंख्य तुकडे विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचे असतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. 1965 साली एखाद्या सोढा बाईने धागे मोजत भरलेला त्रिकोण खोट्या शंभर वर्षांच्या आधाराशिवायही मौल्यवान आहे.

आणि ज्याच्या घरी अशी बैठक आहे त्याने ती पायाखाली घालू नये. आरशाच्या कडा दाबल्या गेल्या की भोवतीचा टाका कातरतात, आणि तुकड्यांतली कापडं वेगवेगळ्या ताणाची असल्याने चालण्याने सगळ्यांत जुना तुकडा आधी फाटतो. मशीनमध्ये धुवू नये, कुणाचा ना कुणाचा रंग फुटतोच. उन्हात टांगू नये. पाठीचं अस्तर एका बाजूने उसवून आतली बाजू एकदा पाहून घ्यावी, फोटो काढावेत आणि पुन्हा टाचावं. जोडलेले तुकडे सोडवून ‘मूळ रूपात’ आणण्याचा मोह मात्र टाळावा. मूळ रूप कातरीने केव्हाच गेलेलं आहे आणि जोडणाऱ्या हाताचीही आता एक नोंद झालेली आहे.

शेवटी एक विनंती, विशेषतः यवतमाळ, वाशिम, नांदेड, जळगाव, सोलापूर या जिल्ह्यांतल्या वाचकांना. तुमच्या घरात किंवा ओळखीच्या तांड्यात जुनी काचळी, फेटिया, चंची, झूल असेल आणि ती विकायची वेळ आली असेल तर जरूर विका. गरज मोठी असते आणि वस्तू तुमची आहे. फक्त देण्याआधी पांढऱ्या सुती कापडाची बोटभर पट्टी घ्या, न पुसणाऱ्या शाईने तिच्यावर भरणाऱ्या बाईचं नाव, तांडा, तालुका, साधारण साल आणि ती वस्तू कशासाठी केली ते लिहा, आणि ती पट्टी वस्तूच्या अस्तराला दोन टाक्यांनी टाचून द्या. एक फोटो स्वतःकडे ठेवा. व्यापाऱ्याने ती पट्टी काढून टाकली तरी फोटो तुमच्याजवळ राहील.